बुधवारचा खण

बस तिथे. आणि तो डबा दे इकडे. आज शुक्रवार ना? मग बुधवार-गुरुवारचे खण भरलेले कसे? सोमवारचासुद्धा! नववीत "वही घरी राहिली, बाई" म्हणायचास, तेव्हा माझ्याकडे छडी होती. आता तुझी गाठ छडीशी नाही. स्टेंट बसवून चार महिने झालेत जेमतेम. रक्त पातळ ठेवणारी गोळी आपल्या मर्जीनं सोडलीस, तर त्याच जाळीत गुठळी धरू शकते.

म्हणे बरं वाटतंय! उत्तर बरोबर आलं म्हणून कुणी पायऱ्या खोडतं का रे?

वर मलाच शिकवतोस, "अमेरिकेत सिद्ध झालंय, खोट्या गोळीनंही माणसं जगतात." अर्धंच वाचलंस. १९८० साली छापून आलेला तो अभ्यास, झटका येऊन गेलेल्या पुरुषांचा. काहींना कोलेस्टेरॉल उतरवणारं क्लोफायब्रेट, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच वर्षांत, औषधाच्या निदान ८० टक्के गोळ्या घेणाऱ्यांतले १५ टक्के गेले, चुकारांतले जवळजवळ २५. खोट्या गोळीतही तेच: नेमानं घेणारे १५, चुकार २८.

यातून तू काढलंस काय, तर गोळीत काही नसतं! गाढवा, यातून क्लोफायब्रेट नापास झालं, सगळी औषधं नाहीत. गोळी न चुकवणारा बहुधा चालायलाही जातो, तंबाखूही सोडतो; उलट जो आधीच खंगलाय, त्याच्याच हातून गोळ्या राहतात. संशोधकांनी प्रकृतीचे चाळीसेक फरक हिशेबात धरून पाहिले, तरी ती दरी बुजली नाही. म्हणून औषधाची परीक्षा औषध विरुद्ध खोटी गोळी अशीच घ्यायची असते. तुझ्या रात्रीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या घराण्यातलं सिम्वास्टॅटिन १९९४ मध्ये त्या परीक्षेला बसलं होतं. स्कॅन्डिनेव्हियातले ४,४४४ रुग्ण, पाचेक वर्षं. खोट्या गोळीवरचे १२ टक्के गेले, औषधावरचे ८. हे नाही सापडलं मोबाइलवर?

मान खाली घालू नकोस, पन्नाशी उलटली तुझी. आणि थांब, तीन दिवसांच्या एकदम तोंडात कोंबू नकोस! डॉक्टरांना फोन लाव, किती खाडे झाले ते खरं सांग. लाव. मी बसलेय इथेच.