खांद्यावरील बंदूक

टांझानियातील मेरू पर्वतावर चढणाऱ्या प्रत्येक तुकडीबरोबर एक सशस्त्र वनरक्षक चालतो. आरुषा राष्ट्रीय उद्यानाचा तसा नियमच आहे. मोमेला फाटकापासून मिरियाकांबाच्या मुक्कामापर्यंत, म्हणजे सुमारे १५०० मीटरांपासून २५०० मीटरांपर्यंत, वाट रानरेडे, जिराफ व हत्ती यांच्या वस्तीतून जाते. आम्ही ती वाट चढलो तेव्हा आमचे लक्ष पर्वताहून अधिक त्या रक्षकाच्या बंदुकीकडे जात होते. ती कोणासाठी? अर्थात आमच्यासाठी. आणि कोणावर? जो आपल्या घरी चरत होता त्याच्यावर.

नीतिशास्त्राच्या वर्गात आम्हांस संत थॉमस अक्वायनस यांचे स्वसंरक्षणाविषयीचे विवेचन शिकविले गेले. स्वतःचा जीव वाचविण्याच्या हेतूने, आवश्यक तेवढ्याच बळाने केलेला प्रतिकार दोषास्पद नाही, मग त्यात हल्लेखोराचा प्राण गेला तरी. तेथील विचार माणसामाणसांतला आहे. तथापि माणसापेक्षा रेड्याचा जीव थोर, असे आम्हीही म्हणणार नाही. अंगावर धावून येणाऱ्या रेड्यावर रक्षकाने गोळी झाडली, तर त्यास दोष कोण देईल? परंतु नैतिक प्रश्न गोळी सुटते त्या क्षणी उद्भवतो काय? आमच्या मते तो फाटकाशीच उद्भवतो. पायथ्याचा शेतकरी पिकात शिरलेला हत्ती हाकलतो तो पोटासाठी. आम्ही गेलो होतो डोंगर पाहावयास. हौसेपायी ओढवून घेतलेला धोका दुसऱ्याच्या प्राणाने का निवारावा?

यावर एक उत्तर तयार असते: प्रवाशांच्या शुल्कावरच ही उद्याने चालतात. ते खोटे नाही. २०२० साली महामारीमुळे प्रवासी येईनासे झाले, तेव्हा टांझानियातील उद्यानांचे उत्पन्न कोसळले. चोरट्या शिकाऱ्यांना अडविणारा रक्षक शेवटी त्याच पैशावर उभा असतो. ज्या काळ्यापांढऱ्या कोलोबस वानरांना त्यांच्या लांब केसांच्या कातड्यापायी एके काळी मारले जाई, ती या वाटेवरील झाडांतून आज खुशाल उड्या घेतात. म्हणून 'कोणी जाऊच नये' असे म्हणण्यास आम्ही धजत नाही. मात्र शुल्क भरले की सारा हिशेब चुकता झाला, हेही आम्हांस मान्य नाही.

जाणाऱ्याने परत फिरण्याची तयारी ठेवूनच जावे. हे बोलणे सोपे आहे. तीन-चार दिवसांचे वेळापत्रक पैसे मोजून आखलेले असते, पुढे सॅडल हटचा मुक्काम, मग मध्यरात्रीची चढाई. पहिल्याच दिवशीचा खोळंबा कोणास खपत नाही. आणि जवळ बंदूक असली की माणूस अधिकच उतावीळ होतो, असा आमचा समज आहे.

या वाटेवर उंबराच्या कुळातील एका प्रचंड वृक्षाची कमान आहे. तिच्याखालून मोटार सहज जावी. तिच्या अलीकडे सात-आठ रानरेडे वाट अडवून उभे होते. रक्षकाने हात वर केला, तसे आम्ही थांबलो. आमच्यापैकी एकाने दोनदा घड्याळ पाहिले. रक्षकाने बंदूक खांद्यावरून उतरविलीही नाही. पाऊण तासाने रेडे सावकाश झाडीत शिरले. आम्ही मिरियाकांबास पोहोचलो तेव्हा अंधारले होते.