रामोंडाचे सुकणे

बाल्कनमधल्या चुनखडीच्या डोंगरांत, सावलीतल्या कड्यांच्या भेगांत, रामोंडा नावाचे जांभळ्या फुलांचे छोटे बहुवर्षायू रोप वाढते. पाणी तुटले की त्याची पाने आक्रसून ठिसूळ होतात. पाहणारा म्हणेल, संपले! पण पाऊस आला की एक-दोन दिवसांत ती पुन्हा टवटवीत होतात. सुकताना हे रोप पेशींत साखरा साठवते, पानांतले बरेचसे हरितद्रव्य जपते आणि अन्न बनवणे थांबवते. म्हणजे हे थांबणे ही हार नसून पूर्वतयारी आहे, असे मला वाटते.

कोणी म्हणेल, हे निव्वळ रसायन, त्यातून माणसाने काय घ्यावे? आक्षेप रास्त आहे. रोपाला इच्छाशक्ती नसते. तरीही थकून गप्प झालेल्या माणसाला आपण फार लवकर निकालात काढतो, आणि दिसण्यावरून निकाल देणे किती फसवे असते, याचा पुरावा हे रोप नक्कीच देते. अर्थात त्याच्या सहनशक्तीलाही सीमा आहे. कडाच फोडला, तर साठवलेली साखर कामी येत नाही. थकलेल्यालाही आधाराची जागा लागतेच.

पहिल्या महायुद्धात अतोनात माणसे गमावलेल्या सर्बियात 2012पासून 11 नोव्हेंबरच्या युद्धविराम दिनाला लोक छातीवर सुकूनही पुन्हा टवटवीत होणाऱ्या याच रोपाच्या फुलाचे चिन्ह लावतात.