नसलेला आठ

बारकोडचा क्रमांक भारतात नोंदवलेला असेल, तर तो ८९० ने सुरू होतो. रेघांखाली १३ आकडे छापलेले दिसतात. रेघांत मात्र १२च उतरतात. पहिल्या ८ च्या वाट्याला एकही रेघ येत नाही. डावीकडचे सहा आकडे दोन धाटणींत काढता येतात. कोणता आकडा कोणत्या धाटणीत आहे, यावरून स्कॅनर ताडतो की सुरुवातीला ८ आहे.

जे छापलंच नाही, ते वाचलं कसं?

'नसणं' कळतं कसं, हा वाद आपल्याकडे जुना आहे. न्याय-वैशेषिकांच्या यादीत अभाव हा सातवा पदार्थ. 'जमिनीवर घडा नाही' हे डोळ्यांनाच कळतं, असं नैयायिकांचं म्हणणं. कुमारिल भट्टांनी त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं. प्रभाकरांना दोन्ही नामंजूर. त्यांच्या मते दिसते ती नुसती जमीन.

स्कॅनरपुढे प्रभाकरांचं पारडं जड होतं. लाल प्रकाश काळ्या रेघेत जिरतो आणि पांढऱ्या कागदावरून परततो. एकेक आकडा सात समान घरांचा, त्यात दोन काळ्या पट्ट्या आणि दोन पांढऱ्या. यंत्र चारही मोजतं. कोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा लागते, तिथे मजकूर घुसवला की वाचन अडतं. म्हणजे फट ही यंत्राच्या लेखी उणीव नाहीच, तो परतलेला प्रकाश आहे. आणि ८? ते तर सरळ अनुमान.

मग अभाव कळतो तरी कुणाला?

दुकानात भाजीच्या पिशवीवर वजनाचं जे लेबल चिकटवतात, त्यात बहुधा शाई नसते. कागदावरच्या लेपाला प्रिंटरची उष्णता लागते, तेवढाच भाग काळा पडतो. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'तल्या चार अभावांपैकी दोन इथे सापडतात: कागद तापण्याआधी रेघेचा प्रागभाव आणि ऊन लागून ती उडाल्यावर प्रध्वंसाभाव. स्कॅनरला दोन्हींत फरक नाही. तो गप्प राहतो, इतकंच.

काउंटरवरची मुलगी मात्र पिशवी उलटसुलट करून म्हणते, "कोड उडालाय." नैयायिक नेमकं इथे बोट ठेवतील: ज्याचा अभाव, त्या प्रतियोगीचं ज्ञान आधी हवं. प्रभाकरांचा अनुयायी म्हणेल, तिला दिसला तो नुसता कागद. त्यावर नैयायिकांचा ठरलेला सवाल: 'नुसता' म्हणजे काय? तोवर पिशवी नव्या लेबलासाठी पुन्हा काट्यावर गेलेली असते.