नाव, जाती आणि छल : स्वस्त ग्राफिक्स कार्डांच्या नामकरणाचा तात्त्विक विचार

ग्राफिक्स कार्डाच्या मॉडेल-नावात दोन गोष्टी गुंफलेल्या असतात : पिढी आणि पायरी. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ४०६०’ या नावातले ४० हे पिढी सांगतात आणि ६० हे त्या पिढीतली पायरी. मागे ‘टीआय’ लागले की कार्ड त्याच पायरीवरचे, पण थोडे सरस. एएमडीच्या ‘आरएक्स ६६०० एक्सटी’मध्ये पहिला ६ पिढीचा, दुसरा ६ पायरीचा आणि ‘एक्सटी’ हे सरसपणाचे चिन्ह. ही रीत सर्वांत जास्त मोडते ती कमी किमतीच्या कार्डांत. ती मोडली की एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : नाव ठेवण्याचा अधिकार ज्याचा आहे, त्याने ठेवलेले नाव खोटे असू शकते का?

शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी भारतीय दर्शनांत दोन ठळक मते आहेत. मीमांसकांच्या मते हा संबंध नित्य आहे, तो कोणी निर्माण केलेला नाही. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो : या शब्दाने हा अर्थ समजावा, असे ठरवले गेले म्हणून तो समजतो. माणसाने मुद्दाम योजलेल्या शब्दांना पारिभाषिक म्हणतात. पाणिनीने ‘नदी’ ही संज्ञा ईकारान्त व ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांना दिली. तिचा वाहत्या पाण्याशी काही संबंध नाही, आणि तरीही कोणी पाणिनीला खोटे ठरवत नाही. मॉडेल-नावे याच वर्गातली. ‘१०३०’ या आकड्याचा एखाद्या चिपशी जन्मजात संबंध नाही. कंपनीने ठरवले म्हणून तो आहे. एवढ्यावरून पाहिले तर नाव खोटे असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पण पाणिनीची संज्ञा निर्दोष ठरते ती तिची व्याप्ती एकदा ठरल्यावर शास्त्रात तशीच पाळली जाते म्हणून. संकेत करण्याचे स्वातंत्र्य एकदाच वापरता येते. त्यानंतर संकेत करणाराही त्याने बांधला जातो.

हे बंधन सुटण्याचा पहिला प्रकार म्हणजे एका नावाखाली भिन्न वस्तू. ‘जीटी १०३०’ हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले; तिची बँडविड्थ सेकंदाला सुमारे ४८ गिगाबाइट होती. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचे कार्ड विक्रीला आले. कोअर तितकेच, ३८४. पण बँडविड्थ सुमारे १७ गिगाबाइट, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. ‘जीटीएक्स १०६०’ २०१६ मध्ये ६ आणि ३ गिगाबाइट अशा दोन रूपांत निघाले. नावावरून फरक केवळ मेमरीचा वाटतो, पण पहिल्यात १२८० कोअर होते आणि दुसऱ्यात ११५२. ‘आरटीएक्स ३०५०’चे २०२२ मधले ८ गिगाबाइटचे रूप २५६० कोअरचे आणि १२८ बिट मेमरी-बसचे, २०२४ मधले ६ गिगाबाइटचे रूप २३०४ कोअरचे आणि ९६ बिट बसचे. न्यायसूत्रांनुसार पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींनी मिळून होतो. ‘गाय’ म्हटल्यावर एखादी गाय, तिचा आकार आणि सर्व गायींत असणारे गोत्व अशा तिन्ही गोष्टी सुचतात. ‘३०५०’ म्हटल्यावर खोक्यातले एखादे कार्ड आणि त्याचे बाह्यरूप मिळते. सर्व ३०५० कार्डांत समान असे, कामगिरी ठरवणारे काही मिळत नाही. नाव जातीचे असल्यासारखे वापरले जाते, पण त्याखाली जाती नसते.

दुसरा प्रकार उलटा : एका वस्तूला अनेक नावे. दहाव्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या नैयायिक उदयनाचार्यांनी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या. त्यांतली एक ‘तुल्यत्व’ : ज्या दोन नावांखाली नेमक्या त्याच व्यक्ती येतात, त्यांच्या दोन जाती मानता येत नाहीत. घट आणि कलश हे शब्द दोन, पण घटत्व आणि कलशत्व असे दोन वेगळे धर्म नाहीत. ‘जीफोर्स ८८०० जीटी’ (२००७) आणि ‘जीफोर्स ९८०० जीटी’ (२००८) यांचा आराखडा एकच होता आणि दोन्हींत ११२ कोअर होते. ‘९८०० जीटीएक्स प्लस’ हेच २००९ मध्ये ‘जीटीएस २५०’ झाले. एएमडीचे ‘आरएक्स ४८०’ २०१७ मध्ये थोडा वेग वाढवून ‘आरएक्स ५८०’ या नावाने आले; कोअर दोन्हींत २३०४ होते. पुढे चीनच्या बाजारात २०४८ कोअरचे आणखी एक ‘आरएक्स ५८०’ निघाले, म्हणजे पहिला आणि दुसरा दोष एकाच नावात एकत्र आले. या प्रकारातही केवळ नाव बदलणे हा दोष नव्हे. दोष असतो तो पहिला आकडा बदलण्यात, कारण तो आकडा पिढी सांगतो. २००२ चे ‘जीफोर्स ४ एमएक्स’ हे याचे ठळक उदाहरण आहे : आदल्या वर्षीच्या ‘जीफोर्स ३’मध्ये असलेले प्रोग्रॅम करता येणारे शेडर त्यात नव्हते. आकडा पुढे गेला होता आणि तंत्र मागे.

तिसरा प्रकार सर्वांत कमी दोषास्पद आणि तत्त्वदृष्ट्या सर्वांत गुंतागुंतीचा आहे. उदयनाचार्यांनी सांगितलेली आणखी एक अडचण म्हणजे ‘संकर’ : दोन धर्म काही ठिकाणी एकत्र राहतात, पण काही ठिकाणी पहिला दुसऱ्यावाचून आणि काही ठिकाणी दुसरा पहिल्यावाचून आढळतो. २०२३ मधल्या ‘आरटीएक्स ४०६० टीआय’च्या एका रूपात १६ गिगाबाइट मेमरी होती, तर वरच्या पायरीवरच्या ‘आरटीएक्स ४०७०’मध्ये १२. कोअर मात्र अनुक्रमे ४३५२ आणि ५८८८, आणि बँडविड्थ २८८ आणि ५०४ गिगाबाइट. बहुतेक खेळांत ४०७० पुढे जाते. १२ गिगाबाइटमध्ये न मावणारे काम आले, तर पारडे फिरते. अनेक गुण एका सरळ रांगेत बसत नाहीत, आणि आकडा तर रांगच दाखवतो. म्हणून कितीही प्रामाणिकपणे ठेवलेले मॉडेल-नाव काही अंशी अपुरेच राहते. हे अपुरेपण भाषेचे आहे, हेतूचे नाही.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. सुटे पद खरे किंवा खोटे नसते. खरे-खोटेपणा वाक्याच्या अर्थाला लागतो. एकटे ठेवले तर ‘५८०’ हे नाव निरपराध आहे. पण मॉडेल-नाव कधीच एकटे नसते. मालिकेत बसवल्यामुळे ते आटोपशीर वाक्य बनते : हे कार्ड ४८० नंतरच्या पिढीचे आहे, ५७० पेक्षा सरस आहे, आणि याच नावाच्या दुसऱ्या कार्डासारखे आहे. या वाक्याला खरे-खोटे लागू होते. म्हणजे नाव ठेवणारा नावाचा धनी असला, तरी त्या नावाने केलेल्या विधानाचा धनी नसतो.

हे कंपन्याही व्यवहारात मान्य करतात. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स ४०८०’ दोन रूपांत जाहीर केले : १६ गिगाबाइटचे ९७२८ कोअरचे आणि १२ गिगाबाइटचे ७६८० कोअरचे. दोन्हींच्या चिपही वेगळ्या होत्या. टीका झाल्यावर ऑक्टोबरमध्ये कंपनीने दुसऱ्या कार्डाचे नाव योग्य नसल्याचे सांगून ते मागे घेतले, आणि जानेवारी २०२३ मध्ये ते ‘आरटीएक्स ४०७० टीआय’ या नावाने आणले. वस्तू तीच राहिली आणि नाव सुधारले. नाव चुकू शकत नसते, तर सुधारण्याजोगे काही उरलेच नसते.

विधान खोटे ठरले म्हणजे फसवणूक सिद्ध झाली असे नाही. चिप तयार होताना काहींत दोष राहतात. दोष असलेला भाग बंद करून उरलेली चिप कमी किमतीत विकणे हे काटकसरीचे आणि ग्राहकाच्याही हिताचे आहे. मेमरीच्या तुटवड्यात वेगळी मेमरी वापरण्यालाही कारण असू शकते. प्रश्न उरतो तो त्या वेगळ्या वस्तूला जुनेच नाव का दिले, एवढाच. यावर नेहमीचा बचाव असा की सगळी माहिती तपशीलपत्रकात असते. न्यायशास्त्रात ‘छल’ या सदराखाली अशा युक्त्यांचा विचार आहे. वाक्छलात एक जण ‘नवकंबल’ म्हणतो, नव्या घोंगडीचा या अर्थाने, आणि प्रतिवादी विचारतो की नऊ घोंगड्या कुठे आहेत. तिथे छल ऐकणारा करतो. मॉडेल-नावांत तो बोलणाऱ्याकडे येतो : ग्राहकाने व्यापक अर्थ घ्यावा असे नाव योजायचे आणि विचारणा झाली की बारीक अक्षरांतल्या अर्थाचा आधार घ्यायचा. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणाऱ्या जाहिरातीला दिशाभूल करणारी जाहिरात मानले आहे.

न्यायमतानुसार शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांच्या मते आप्त म्हणजे ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू असल्याचे ते सांगतात. म्हणजे व्यापारी कंपनीही आप्त होऊ शकते. ज्ञानाची अट ती सहज पूर्ण करते, कारण चिप तिनेच घडवलेली असते. दुसरी अट नामकरणात कसाला लागते.

ही अट पूर्ण होते की नाही हे ग्राहकाला आधी कळत नाही. इथे मीमांसक कुमारिल भट्टांचे आणि नैयायिकांचे मत वेगळे पडते. कुमारिलांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला खोटे ठरवणारा बाधक पुढे आला तरच ते सोडायचे. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाल्याने. रोजच्या खरेदीत कुमारिलांची भूमिकाच चालते, कारण प्रत्येक नाव तपासत बसले तर बाजारच थांबेल. पण ज्या क्षेत्रात बाधक वारंवार आढळले आहेत तिथे नैयायिकांची कसोटी लागते : तटस्थ चाचण्यांत मोजलेला फ्रेम-वेग, आणि नावामागची चिप, कोअर, मेमरीचा प्रकार, बसची रुंदी व विजेचा वापर. स्वस्त ग्राफिक्स कार्डांत नाव कोणती कार्डे शेजारी ठेवून पाहायची ते सांगते, आणि निवड तपशील पाहून करावी लागते. या जादा तपासणीचा भार सर्वांत जास्त पडतो तो मोजक्या पैशांत एकदाच खरेदी करणाऱ्यावर. म्हणून नाव बेताल ठेवण्याचा नैतिक दोष स्वस्त वस्तूच्या बाबतीत कमी होत नाही, उलट वाढतो.