परदेशी घर आणि वारकऱ्याचा नेम

वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात कीर्तन झाल्यावर हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो. आरती होते, प्रसाद वाटला जातो, आणि कोणी वयस्क गृहस्थ किंवा माउली जवळ येऊन हलक्या आवाजात विचारते, "महाराज, मुलगा कॅनडात असतो. गळ्यातली माळ काढून ठेवली म्हणतो. सून तिकडचेच कपडे घालते. एकादशी झाली तर झाली. आमचं घराणं वारीचं. आता काय समजायचं?" देशाचे नाव तेवढे बदलते, कधी दुबई, कधी लंडन, कधी अमेरिका. विचारणाऱ्याच्या डोळ्यांतले पाणी बदलत नाही. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

या बाबतीत दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, देश तसा वेश. तिकडे गेल्यावर तिकडचे व्हावे, माळबीळ गावाकडे ठेवावी. दुसरा म्हणतो, समुद्र ओलांडला तेव्हाच धर्म बुडाला, आता माळेची चौकशी कशाला? दोन्ही पक्ष ऐकायला सोपे आहेत, कारण दोघांनाही पुढे विचार करावा लागत नाही.

आधी शास्त्र पाहू. बौधायनांच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवास पातकांत मोजला आहे, आणि पुढच्या निबंधकारांनी तो कलिवर्ज्यात घातला, हे खरे. पण त्याच बौधायनांनी दक्षिणेकडचे पाच आणि उत्तरेकडचे पाच असे निराळे आचार सांगितले आहेत. मामाच्या मुलीशी लग्न हा दक्षिणेकडचा, समुद्रावर जाणे हा उत्तरेकडचा. ज्या देशाचा जो आचार तो त्या देशात चालतो, दुसऱ्याने उचलला तर दोष, असे ते म्हणतात. गौतमांना हे मान्य नाही, हेही तेथेच नोंदले आहे. यावरून एवढे निश्चित होते की देशाप्रमाणे आचार बदलतो हा विचार आजकालच्या शिकलेल्या पोरांनी काढलेला नाही. तो सूत्रकारांच्या काळापासून आहे, आणि त्यावर वादही तेव्हापासूनच आहे.

शिवाय आपण कोण? सोपाऱ्याच्या आसपासची माणसे! शूर्पारक म्हणून ज्याची ख्याती, ते हे प्राचीन बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथला स्तूप उकरला आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा याच गावी मिळाला. जेथून व्यापारी समुद्रावर गेले, तेथल्या लोकांनी समुद्राला भिण्याचे कारण नाही. आणि आपल्या संप्रदायाचे म्हणाल, तर नामदेवराय पंढरीहून निघून पंजाबात घुमानपर्यंत गेले. तेथल्या लोकांच्या बोलीत बोलले. त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आदराने ठेवलेली आहेत. भाषा बदलली, अन्न बदलले, हवा बदलली. विठ्ठल बदलला का?

तेव्हा जाण्यात दोष नाही. गेल्यावर काय धरावे आणि काय सोडावे, एवढाच खरा प्रश्न उरतो.

याला आपल्याच कोकणातला एक दाखला फार चांगला आहे. बेने इस्राएल लोक कित्येक शतकांपूर्वी परदेशातून येऊन कोकणात राहिले. ते आपली हिब्रू भाषा विसरले, ग्रंथ विसरले. मराठी बोलू लागले, लुगडी नेसू लागले, गावावरून दिवेकर, अष्टमकर अशी आडनावे लावू लागले. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा. परंतु शनिवारी घाणा बंद! पोटाला चिमटा बसला तरी बंद. गावाने त्यांना नावच दिले शनिवार तेली. सुंता, खाण्यापिण्याचे विधिनिषेध आणि एक मुख्य प्रार्थना, एवढे त्यांनी टिकवले, आणि तेवढ्या खुणेवर बाहेरच्या धर्मबंधूंनी त्यांना ओळखले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या पूर्वजांच्या कथांवर मराठीत कीर्तने सुरू केली. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले, ते मराठी बरोबर घेऊन. या लोकांनी वेश सोडला, भाषा सोडली, पण आठवड्याचा एक नेम सोडला नाही. तो नेम थोडा होता, ठरलेला होता, आणि घरातल्या लेकराला दिसत होता. म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चालला.

आता वेशाकडे येऊ. शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर सांगून गेल्या. तेथे शाकाहार पाळला, साडी सोडली नाही. मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि थंडी बाधते, म्हणून गुजराती पद्धतीने नेसू लागल्या. १८८६ साली डॉक्टर झाल्या, आणि येथे परतल्यावर लवकरच, पुढच्या वर्षी गेल्या. एकवीस-बावीस वर्षांचे वय! पण त्यांचा विवेक पाहा. लाज राखणे हे वस्त्राचे प्रयोजन. ते प्रयोजन नेसण बदलून साधत असेल तर नेसण बदलावी. आजची सून शून्याखालच्या थंडीत पॅण्ट आणि कोट घालून बर्फातून कामावर जात असेल, तर सासूबाईंनी तिच्या पायांची काळजी करावी, पॅण्टची करू नये.

माळेचे तसे नाही. माळ म्हणजे दागिना नव्हे, ती घेतलेल्या शपथेची खूण आहे. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत किंवा फिरत्या यंत्रापाशी गळ्यात काही ठेवू देत नाहीत, ते जिवाच्या रक्षणासाठी. तेथे ती उतरवून जवळ जपून ठेवावी आणि काम संपताच नाम घेऊन पुन्हा घालावी. यात माळ तुटली असे होत नाही. माळ तुटते ती दोन प्रकारांनी. एक, चारचौघांत हसतील म्हणून काढली. दुसरा, गळ्यात ठेवली आणि मद्यमांस सुरू केले. पहिल्याला धीर द्यावा. दुसऱ्याला, बाबा, माळ घातल्याचा अर्थ काय, हे एकांतात विचारावे.

एकादशीविषयी परदेशातून नेहमी विचारणा होते की दिवस पंढरपूरचा धरायचा की तिकडचा? धर्मसिंधूकार काशिनाथ उपाध्याय पंढरपूरचेच. त्यांनी १७९० च्या सुमारास रचलेल्या ग्रंथात तिथिनिर्णय विस्ताराने दिला आहे. तिथी चंद्रसूर्यांच्या अंतरावरून ठरते, म्हणून ती सर्व पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी सरते. व्रत मात्र आपल्या ठिकाणच्या सूर्योदयावर ठरते. समजा, उन्हाळ्यात एकादशी आपल्याकडे सोमवारी सकाळी अकराला लागली आणि मंगळवारी दहाला सरली. पंढरपुरात मंगळवारी सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून मंगळवारी उपवास. न्यूयॉर्कचे घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तेथे ती सोमवारी रात्री दीडला लागते आणि मंगळवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला सरते. म्हणजे तेथे सोमवारच्या सूर्योदयाला एकादशी. अरुणोदयाच्याही आधीच लागलेली, म्हणून दशमीचा वेधही नाही. तेथल्या वारकऱ्याने सोमवार धरावा. वार दोन, पण व्रत एकच. ज्याला हे गणित जमत नाही त्याने पंढरपूरचा दिवस धरला, तरी देव काही तारीख पाहून दार लावून घेत नाही. पण "तिकडे कोणता दिवस ते कळत नाही, म्हणून करत नाही" ही सबब मात्र चालायची नाही.

आणि उपवासाच्या ताटाबद्दल एक गंमत सांगतो. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो तो कंद, ही सगळी मुळात अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती जहाजांतून जगभर गेली, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळात रुजली. तेव्हा अमेरिकेत एकादशीला काय खावे ही चिंता कोणी करू नये. आपले फराळाचे ताट तिकडूनच आलेले आहे! परका पदार्थ आपण उपवासाला चालवला, आणि परक्या देशात गेलेले आपले लेकरू आपल्याला चालत नाही, हे कसे?

घराचे पाहू. तुळशीवृंदावन हवे, ही इच्छा चांगली. पण ऑस्ट्रेलियासारख्या देशांत रोप, बी, माती आत नेण्यावर कडक बंधने आहेत, त्यांच्या शेतीला कीड लागू नये म्हणून. काही लोक सामानात मंजिरी लपवून नेतात आणि कागदावर "काही नाही" असे लिहितात. तुळशीसाठी असत्य बोलून आणलेली तुळस कोणाच्या अंगणात लावणार? तिकडे मिळाली तर कुंडीत लावावी, हिवाळ्यात खिडकीशी आत घ्यावी. न मिळाली तर नाम आहेच. भाड्याच्या खोलीत धुराची घंटा वाजते, तर उदबत्तीचा हट्ट धरू नये. भिंतीपलीकडे शेजारी निजलेला असेल, तर टाळ हळू वाजवावा. आपल्या भजनाने दुसऱ्याची झोप मोडली, तर त्याच्या मनात विठ्ठलाविषयी काय येईल, याचा विचार भक्तानेच करायचा असतो.

भाषेचे जरा कठीण आहे. मॉरिशसला १८३४ पासून मजूर म्हणून गेलेल्या लोकांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांच्या घरात आज बहुधा क्रिओल बोलतात. पण गणेशचतुर्थी तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आणि झाकरीची गाणी मराठीत म्हणतात. उलट आमच्या वसईत पाहा. १५३४ पासून १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीज होते. पुष्कळांचा धर्म बदलला. पण त्या ख्रिस्ती शेजाऱ्यांनी आपली सामवेदी बोली ठेवली, लग्नातली गाणी ठेवली, म्हाताऱ्या बायकांनी लाल लुगडे ठेवले. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एकीकडे भाषा गेली आणि देव राहिला, दुसरीकडे देवाचे नाव बदलले आणि भाषा राहिली. काय टिकवायचे हे घरात ठरते, सरकार किंवा समुद्र ठरवीत नाही. परदेशातल्या आईबापांनी रोज संध्याकाळी हरिपाठातले थोडे लेकरांबरोबर म्हणावे. अर्थ नंतर कळेल. ज्याच्या कानावर काहीच पडले नाही, त्याला नंतर तरी काय कळणार?

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते हीच पहिली. आपला देव विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांचे पाय चेपत होता म्हणून. त्याने देवालाही थांब म्हटले. मग जो माळ घालतो, एकादशी करतो, आणि ज्याची म्हातारी आई विरारच्या चौथ्या मजल्यावर जिना उतरवत नाही म्हणून आठ-आठ दिवस घरात असते, त्याने आपल्याला वारकरी कसे म्हणवावे? पैसे येतात, मान्य. २००७ साली आईबापांच्या निर्वाहाचा कायदाही झाला. कायद्याने पोटगी मिळेल, पण संध्याकाळी कोणी "जेवलीस का गं?" असे विचारावे, यासाठी कायदा नाही. आणि काही घरांत आईची आठवण सूनबाईच्या बाळंतपणापुरती होते. सहा महिने राबवून तिला परत विमानात बसवतात. ही सेवा कोणी कोणाची केली, ते ज्याचे त्याने पाहावे.

पण आईबापांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मुलाला परदेशी पाठवताना पेढे आपणच वाटले. त्याच्या डॉलरवर सदनिका आपणच घेतली. नातेवाइकांत "आमचा मुलगा तिकडे असतो" हे आपणच मिरवले. मग आठवड्याचा फोन आला की "माळ आहे का, सुनेने कुंकू लावलं का" एवढीच झडती घेणे योग्य नाही. त्यालाही तिकडे घर आहे, लेकरे आहेत, नोकरी जाण्याची भीती आहे. त्याला आधी विचारावे, "बाबा, सुखी आहेस ना?" हा एक प्रश्न ऐकला, तर पुष्कळदा माळ आपोआप गळ्यात येते.

म्हणून माझे मत असे. वेश देशावर सोडावा. अन्नात मद्यमांस वर्ज्य ठेवून बाकीचे जे मिळेल ते देवाला दाखवून खावे. नेम थोडा धरावा, पण मोडू नये: एकादशी, रोजचे नाम, आणि शक्य होईल त्या वर्षी पंढरीची वारी. रविवारी वसईत संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा दुबईत साडेपाच असतात, न्यूयॉर्कमध्ये ऋतूप्रमाणे सकाळचे साडेआठ किंवा साडेनऊ. त्या वेळी फोन समोर ठेवून दोन्हीकडच्यांनी बरोबर हरिपाठ म्हणावा. टाळ थोडा मागेपुढे पडेल, पडू द्या. पण तेवढ्याने कोणी सेवेतून मोकळा झाला असे समजू नये. आईबाप अंथरुणाला खिळले की तिकीट काढून यायचे, अथवा त्यांना सन्मानाने आपल्याजवळ न्यायचे, हा नेम सर्व नेमांच्या वरचा. नोकरी अडवते म्हणाल, तर पुंडलिकापुढे देव उभा होता, आणि त्यालाही थांबावे लागले.

रामकृष्णहरि.