दूरदेशीची सेवा आणि सात्त्विक दान

हल्ली पुष्कळ सद्गृहस्थांच्या घरी एक प्रश्न उत्पन्न होतो. शिक्षण पुरे झालेला मुलगा अगर मुलगी एके दिवशी सांगते की, आपल्याला काही काळ आफ्रिकेतील किंवा नेपाळसारख्या एखाद्या देशात जाऊन तेथील विकलांग बालकांची सेवा करावयाची आहे. हे ऐकून आईवडिलांच्या मनात कौतुक आणि शंका एकाच वेळी उभी राहतात. ज्या बालकाचे पाऊल जन्मतःच वाकडे आहे, त्याचे ते प्रारब्धच असेल तर त्यात आपण हात घालणे कितपत युक्त? आपल्या देशातील दुःख संपले आहे काय, की दुसऱ्याच्या देशात जावे? आणि हे जाणे खरोखर धर्म आहे, की धर्माचे नाव दिलेली हौस? ह्या तिन्ही शंका प्रामाणिक आहेत. म्हणून श्रीगीतेच्या आधाराने त्यांचा क्रमाने विचार करू.

प्रथम प्रारब्धाची शंका घेऊ. कर्माचे फळ भोगावे लागते, हा आपल्या शास्त्रांचा सिद्धांत आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु हा सिद्धांत कोणासाठी आहे? तो ज्याच्या त्याच्या आत्मपरीक्षणासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे मोजमाप करण्याची ती काठी नव्हे. कर्माचे स्वरूप जाणणे कठीण आहे, असे भगवंतांनीच चौथ्या अध्यायात बजावले आहे. मग शेजारच्या बालकाच्या पूर्वजन्माचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? शिवाय, त्या बालकाचे दुःख जर त्याच्या कर्माचे फळ असेल, तर ते दुःख आपल्या दृष्टीस पडणे हे आपल्या कर्माचे फळ आहे, आणि त्या वेळी आपण काय करतो हे आपले नवे कर्म आहे. त्याचा हिशेब आपल्याच खाती लिहिला जाणार.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात मथुरेच्या रस्त्यावर भगवंतांना तीन ठिकाणी वाकलेली कुब्जा भेटली. भगवंतांनी तिच्या पूर्वजन्माची चौकशी केली नाही. तिच्या पावलांवर आपले पाऊल ठेवले, हनुवटीखाली बोटे धरली आणि तिला सरळ उभे केले. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाच्या अष्टावक्राने बालवयातच जनकाच्या सभेत बंदीला वादात जिंकून आपल्या पित्याला सोडविले, ही कथा वनपर्वात आहे. देह वाकडा म्हणून आत्मा वाकडा होत नाही, हे ज्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे सांगितले, तिच्यात जन्मलेल्या माणसाने प्रारब्धाच्या नावाखाली पाठ फिरवावी, हे शोभत नाही.

दुसरी शंका देशाची. पाचव्या अध्यायात ज्ञानी पुरुषाची समदृष्टी वर्णिली आहे आणि सहाव्यात सर्वांचे सुखदुःख स्वतःच्या तुलनेने पाहणाऱ्याला श्रेष्ठ योगी म्हटले आहे. ह्या दृष्टीला देशाच्या सीमा नाहीत. तथापि समदृष्टी म्हणजे कर्तव्याचा गोंधळ नव्हे. ज्याचे आईवडील अंथरुणाला खिळले आहेत आणि ज्याच्यावाचून त्यांना दुसरा आधार नाही, त्याची सेवाभूमी घरीच आहे. मोहाने केलेला नियत कर्माचा त्याग तामस होय, हे अठराव्या अध्यायातील वचन येथे लागू पडते. आणि परोपकाराचा मोह हाही मोहच आहे. परंतु ज्याच्यावर असा भार नाही, त्याला "आधी आपल्या देशातले दुःख संपव" असे म्हणणारा बहुधा देशातल्या दुःखासाठीही उठलेला नसतो. तेव्हा देश जवळचा की दूरचा, हा मुख्य प्रश्न नाही. मुख्य प्रश्न सेवेच्या स्वरूपाचा आहे, आणि तीच तिसरी शंका होय.

सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेड करू न शकणाऱ्याला, देश, काल आणि पात्र पाहून, केवळ द्यावयाचे म्हणून दिलेले दान सात्त्विक. मोबदल्याची अगर फळाची इच्छा धरून, मनाला क्लेश होत असता दिलेले ते राजस. अयोग्य स्थळी, अयोग्य वेळी, सत्कार न करता, तुच्छतेने दिलेले ते तामस. संस्कृत ग्रंथांचे भाषांतर करताना एक गोष्ट मला नेहमी जाणवते. 'असत्कृत' आणि 'अवज्ञात' ही दोन पदे आपण घाईने वाचून पुढे जातो. परंतु विकलांग बालकाच्या बाबतीत सारा धर्म ह्या दोन पदांतच साठविलेला आहे. अन्न दिले, वस्त्र दिले, पण "बिचारा" म्हणून दिले, तर भगवंतांच्या मापाने ते दान खालच्या पायरीवर उतरले.

आता देश, काल आणि पात्र पाहून केलेली सेवा कशी असते, ते एका प्रत्यक्ष उदाहरणाने पाहू. हजार बालकांमागे सुमारे एका बालकाचे पाऊल जन्मतः आत व खाली वळलेले असते. उपाय न झाल्यास ते मूल पुढे पावलाच्या बाहेरच्या कडेवर, वेदना सोशीत चालते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी ह्या स्पॅनिश वंशाच्या वैद्याने मोठ्या शस्त्रक्रियेवाचून हे पाऊल सरळ करण्याची रीत बसविली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवावयाचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचे. अशी बहुधा पाच ते सात प्लास्टरे होतात. मग टाचेमागील शिरेला पुष्कळदा एक छोटा छेद द्यावा लागतो. आणि नंतर चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत रात्री पट्टीला जोडलेले बूट घालावे लागतात.

उगांडा देशात शस्त्रवैद्य फार थोडे. तेथे कॅनडाचे अस्थिवैद्य नॉरग्रोव्ह पेनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राहून काम करीत होते. त्यांना येऊन मिळाले डॉ. शफीक पिरानी. पिरानी यांचा जन्म उगांडातलाच. इ. स. १९७२ मध्ये इदी अमीन याने आशियाई वंशाच्या लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा देशोधडीला लागलेल्यांत पिरानी यांचे कुटुंबही होते. ज्या भूमीने घराबाहेर काढले, त्याच भूमीतील बालकांची पावले सरळ करण्यासाठी हा मनुष्य कॅनडातून परत गेला. बाराव्या अध्यायात भक्ताचे पहिले लक्षण कोणाचाही द्वेष न करणे हे सांगितले आहे आणि लगेच मैत्री व करुणा सांगितली आहे. ह्या क्रमाचे मर्म येथे उघड होते: द्वेष गेल्यावाचून करुणेला जागा होत नाही.

परंतु त्याहून अधिक लक्ष देण्याजोगी गोष्ट पुढची आहे. ह्या लोकांनी स्वतःच सारी प्लास्टरे घालण्याचा हट्ट धरला नाही. उगांडातील जे अस्थिविभागाचे कर्मचारी वैद्य नव्हते, त्यांना ही रीत शिकविली. परदेशी बूट महाग, म्हणून मिकिएल स्टीनबीक ह्या डच तंत्रज्ञाने तेथेच मिळणारे चामडे आणि लोखंडी सळी वापरून साधा जोड तयार केला, आणि तेथील कारागीर तो बनवू लागले. पाहुणा परत गेला तरी काम थांबू नये, ही ह्यामागील दृष्टी. तिसऱ्या अध्यायातील लोकसंग्रहाचा अर्थ हाच आहे. संग्रह म्हणजे एकत्र धरून ठेवणे. लोकांना आपल्याभोवती गोळा करणे नव्हे.

आणि ह्या सर्वांत मोठे तप कोणाचे? दर आठवड्याला तान्हे मूल पाठीशी बांधून दूरच्या खेड्यातून दवाखान्यापर्यंत येणाऱ्या मातेचे. सेवकाने हे विसरू नये. आपण काही महिन्यांचे; ती जन्माची.

दुसरे उदाहरण तिबेटातले. बालपणीच दृष्टी गमावलेल्या साब्रिये टेनबेर्केन ह्या जर्मन विदुषीने इ. स. १९९२ मध्ये तिबेटी भाषेसाठी ब्रेल लिपी तयार केली आणि इ. स. १९९८ मध्ये पॉल क्रोनेनबेर्ग यांच्यासह ल्हासा येथे अंध बालकांची शाळा काढली. अंधत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, ह्या समजुतीमुळे तेथे कित्येक मुले घराच्या कोपऱ्यात राहिलेली तिला आढळली. त्या मुलांसमोर जी गुरू उभी राहिली, ती स्वतः अंध होती. तिच्याजवळ दया दाखविण्यासाठी उंच आसन नव्हतेच. पुढे ह्याच दोघांनी आपल्या देशात, तिरुवनंतपुरम् येथे, लोकसेवेची नवी कामे उभारू इच्छिणाऱ्यांसाठी शिक्षणसंस्था काढली. विकलांग मनुष्य केवळ घेणारा नसून देणाराही आहे, ह्याला आणखी कोणते प्रमाण हवे?

आता ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नेपाळ व कंबोडिया ह्या देशांत असे दिसून आले की, परदेशी पाहुणे व त्यांचा पैसा येतो म्हणून काही ठिकाणी अनाथाश्रम वाढले, आणि आईबाप जिवंत असलेली मुले त्यांत आणून ठेवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने इ. स. २०१९ मध्ये बालकांच्या हक्कांविषयी ठराव करताना ह्या प्रकाराची दखल घेतली. दोन आठवड्यांसाठी आलेला तरुण मुलाला मांडीवर घेतो, छायाचित्र काढतो, आणि निघून जातो. मुलाचा जीव जडलेला असतो. मग दुसरा येतो, तोही जातो. जे मूल बोलू शकत नाही, त्याची तक्रार कोण ऐकणार? जाणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण देश, काल आणि पात्र ह्यांचा विचार न झाल्याने सद्हेतूसुद्धा दुसऱ्याच्या दुःखास कारण होतो. कर्मफलाची आसक्ती सोडावी, ह्याचा अर्थ परिणामाविषयी बेफिकीर राहावे असा कधीही नाही. अठराव्या अध्यायात परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य न पाहता आरंभिलेल्या कर्माला भगवंतांनी तामस म्हटले आहे.

म्हणून गृहस्थहो, आपल्या घरातील तरुणाने अशी इच्छा प्रकट केली तर तिला एकदम नकार देऊ नका आणि एकदम आशीर्वादही देऊ नका. त्याला जवळ बसवून विचारा: तुझ्या हाती असे कोणते कौशल्य आहे, जे तेथील माणसाजवळ नाही? तेथील भाषा शिकण्याइतका काळ तू देणार आहेस काय? तू परत आल्यावर तुझे काम कोण चालविणार? मूल आपल्या आईजवळ राहावे, ह्यासाठी ती संस्था झटते, की मुलाला आईपासून तोडते? तुझे नाव कोठेही छापून आले नाही, तरी तू जाशील काय? ह्या प्रश्नांची उत्तरे शांतपणे मिळाली, तर त्याला आनंदाने निरोप द्या. उत्तरे न मिळाली, तर त्याने आधी ते कौशल्य येथे शिकावे. पाऊल वळविण्याची रीत आपल्या देशातील दवाखान्यांतही शिकता येते, आणि वाकडी पावले आपल्या गल्लीतही आहेत.

शेवटी एका शब्दाचा विचार करून हे प्रवचन पुरे करतो. आपल्याकडे करुणेला अनुकंपा असेही म्हणतात. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथरणे. दुसऱ्याचे अंतःकरण हलले की त्याच्यामागे आपलेही हलणे, ती अनुकंपा. जो उंचावर उभा राहून खाली पाहतो, त्याला ती साधत नाही. जो शेजारी बसतो, त्यालाच साधते. बालक उगांडातील असो, ल्हासातील असो की आपल्या वाड्यातील, त्याच्या हृदयात तोच ईश्वर राहतो, ज्याची आपण देवघरात नित्य पूजा करतो. त्याच्या शेजारी बसता येईल इतकी नम्रता भगवंत आपणा सर्वांस देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु।