तोच रंधा, की तसाच रंधा?

अमेरिकेत घर बदलताना, किंवा घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर, नको असलेले सामान अंगणात मांडून विकण्याची रीत आहे. या ‘यार्ड सेल’मध्ये जुनी हत्यारे हमखास निघतात: बिडाचे रंधे, करवती, पटाश्या, कुऱ्हाडी. बहुतेक गंजलेली असतात, मुठी तडकलेल्या असतात, आणि ती ज्याने वापरली तो माणूस काही सांगायला उरलेला नसतो. जाणकार गिऱ्हाईक एखादा रंधा उलटासुलटा करून पाहते आणि म्हणते, हा १९१० नंतरचा स्टॅन्ली. या एका वाक्यात दोन दावे आहेत. समोरची वस्तू कोणत्या जातीची आहे, हा पहिला. त्या काळी कारखान्यातून बाहेर पडलेली तीच वस्तू आज समोर आहे, हा दुसरा. पहिला खुणांवरून सिद्ध करता येतो. दुसरा त्याहून पुष्कळ अवघड आहे, आणि भारतीय दर्शनांतल्या एका जुन्या वादाशी तो थेट भिडतो.

आधी खुणा. लेनर्ड बेली या कारागिराने लोखंडी रंध्याची जी रचना बसवली तिचे पेटंट हक्क कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथल्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने १८६९ मध्ये घेतले. पुढे जवळजवळ शतकभर तोच रंधा बारीकसारीक फेरफार होत निघत राहिला, आणि प्रत्येक फेरफार आज काळाची खूण झाला आहे. पाते डावी-उजवीकडे सरळ करण्याची दांडी १८८० च्या दशकाच्या मध्यापासूनची. तळाच्या वरच्या बाजूला, पात्याच्या बैठकीमागे, पेटंटच्या तीन तारखा ओतलेल्या असतील, १९०२ च्या दोन आणि १९१० ची एक, तर ते बीड १९१० च्या आधीचे असू शकत नाही. पाते दाबून धरणाऱ्या झाकणाचे भोक १९३३ पर्यंत कुलपाच्या भोकासारखे होते, नंतर ते मूत्रपिंडाच्या आकाराचे झाले. दुसऱ्या महायुद्धात पितळ दुर्मीळ झाले, तेव्हा पाते खालीवर करणारी पितळी चकती कडक रबराची झाली आणि शिसवीच्या मुठींच्या जागी रंग दिलेल्या साध्या लाकडाच्या मुठी आल्या. या खुणांवरून संग्राहकांनी रंध्यांचे ‘टाइप’ ठरवले. ते कंपनीने ठरवलेले नाहीत. कारखान्यात जुने भाग संपेपर्यंत नव्याबरोबर जोडले जात, म्हणून टाइपांच्या सीमारेषा मागाहून, माणसांनी आखलेल्या आहेत.

खुणेवरून वस्तूकडे जाणे म्हणजे अनुमान, आणि अनुमानाची पहिली अट न्यायशास्त्राने स्पष्ट सांगितली आहे: हेतू, म्हणजे खूण, साध्याला, म्हणजे जे सिद्ध करायचे त्याला, सोडून दुसरीकडे आढळता कामा नये. करवतीच्या मुठीतला पितळी बिल्ला हे याचे उत्तम उदाहरण आहे. हेन्री डिस्टनने १८४० मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेल्या कारखान्याच्या करवतींवर कंपनीचे नाव कोरलेला बिल्ला असे. मुले भागीदार होत गेली तसतसा नावातला मजकूर बदलला, म्हणून बिल्ल्यावरून करवतीचा काळ बऱ्यापैकी सांगता येतो. पण ‘वॉरंटेड सुपीरियर’ एवढेच शब्द आणि गरुड असलेला बिल्ला अनेक कारखान्यांनी आपल्या मालावर लावला. तो पाहून ‘ही डिस्टन’ म्हणणारा व्यभिचारी, म्हणजे दुसरीकडेही आढळणाऱ्या, हेतूवर विसंबतो. जुन्या हत्यारांच्या खरेदीत फसगत होते ती बहुतेक याच जागी. खूण खरी असते, पण ती एकट्याची नसते.

खूण निर्दोष असली तरी दुसरा दावा उरतोच. पेटंटच्या तारखा तळाचा काळ सांगतात. पात्यावरचा शिक्का पात्याचा काळ सांगतो. रंध्याचा काळ कोण सांगणार? स्टॅन्लीच्या एकाच मापाच्या रंध्यांचे बरेचसे भाग एकमेकांना बसतात. त्यामुळे एकाचा तळ, दुसऱ्याचे पाते, तिसऱ्याची मूठ असा जुळवलेला रंधा बाजारात सर्रास दिसतो. फ्रँकेन्स्टाइनच्या कथेवरून त्याला ‘फ्रँकनप्लेन’ म्हणतात. त्याचा प्रत्येक भाग अस्सल असतो, तरीही असा रंधा कोणत्याही कारखान्यातून कधी निघालेला नसतो. याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या जगात सर्वांना ठाऊक असलेली आजोबांची कुऱ्हाड. वडिलांनी तिचा दांडा बदलला, मुलाने पाते बदलले, आणि घरात ती आजोबांचीच कुऱ्हाड म्हणून वापरात राहिली.

न्याय-वैशेषिकांच्या मते अवयवी, म्हणजे संपूर्ण वस्तू, ही अवयवांची नुसती बेरीज नाही. अवयवांत समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारे ते एक वेगळे द्रव्य आहे. ‘हा तोच घट’ ही प्रत्यभिज्ञा, म्हणजे पुन्हा पटणारी ओळख, त्यांना स्थिर वस्तूचा पुरावा वाटते. पण या मताची किंमत मोठी आहे. वस्त्राचा तुकडा फाटला की जुने वस्त्र नष्ट होऊन नवे खंडवस्त्र उत्पन्न होते, असे त्यांना मानावे लागते. तोच न्याय लावला तर दांडा निघाला त्या क्षणी आजोबांची कुऱ्हाड संपली. नंतरची ‘तीच’ ही ओळख मग सजातीयतेवर, केवळ सारखेपणावर उभी राहते. बौद्धांचा आक्षेप नेमका हाच होता. कापून पुन्हा उगवलेल्या केसांनाही माणूस ‘तेच केस’ म्हणतो, तेव्हा प्रत्यभिज्ञा हा एकत्वाचा पुरावा होत नाही.

‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाके, जू, की या सर्वांचा ढीग? यांपैकी काहीच रथ नाही. या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे व्यवहारातले नाव चालते. इथेच थांबले तर फ्रँकनप्लेन आणि कुऱ्हाड एकाच पंगतीला बसतात, दोन्ही नावापुरती. पण नागसेन थांबत नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची ज्योत पहिल्या प्रहरी आणि शेवटच्या प्रहरी तीच नसते आणि निराळीही नसते, कारण आधीच्या ज्योतीतून पुढची उपजत जाते. बौद्ध विचारात यालाच संतान म्हणतात: अखंड कारणपरंपरा.

जुन्या हत्यारांच्या बाबतीत हा निकष सर्वांत खरा उतरतो. कुऱ्हाडीचा नवा दांडा जुन्या पात्याच्या डोळ्यात बसवला गेला, आणि पुढे नवे पाते त्याच दांड्यावर चढले; दोन्ही वेळा काम थांबू नये म्हणून. परंपरा तुटली नाही, म्हणून सगळे भाग बदलूनही ती आजोबांची कुऱ्हाड आहे. फ्रँकनप्लेनमध्ये सगळे भाग जुने असूनही परंपरा नाही. तिची सुरुवात जुळवणी झाली त्या दिवशी होते. तो रंधा वाईट नव्हे, लाकूड उत्तम तासेल, आणि पुढे पन्नास वर्षे एखाद्या सुताराच्या हातात राहिला तर त्याचेही संतान तयार होईल. पण त्याला १९१० चा म्हणणे असत्य आहे, आणि विक्रेत्याने ते जाणूनबुजून म्हटले तर तो दोष तत्त्वज्ञानाचा राहत नाही.

या निकषामुळे खुणांचे महत्त्वही बदलते. इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी रंध्यांच्या टोकावर कारखान्याच्या शिक्क्याबरोबर मालकांच्या नावांचे ठसे आढळतात, कधी एकावर एक असे तीन-चार. संग्राहकाचे लक्ष कारखान्याच्या शिक्क्याकडे जाते, परंतु संतानाचा पुरावा मालकांच्या ठशांत आहे. धार लावून लावून अरुंद झालेले करवतीचे पाते, हाताने झिजून गुळगुळीत झालेली मूठ, तडकलेल्या जागी स्क्रू मारून केलेली दुरुस्ती ही त्याच जातीची साक्ष आहे. गंज काढताना सगळे चकचकीत घासून टाकणारा माणूस पात्यावरची पुसट कोरीव अक्षरेच घालवतो असे नाही, तर ही साक्षही घालवतो. पाते खाणारा गंज काढायलाच हवा. वापराने आलेला काळसरपणा तसाच ठेवावा.

संतानाचा निकष एका ठिकाणी मात्र अडतो. थॉमस हॉब्जने १६५५ च्या ‘दे कॉर्पोरे’ या ग्रंथात, एकेक फळी बदलत सगळे नवे झालेल्या थीसियसच्या जहाजाविषयी विचारले होते: बदललेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून त्यांचे पुन्हा जहाज बांधले तर खरे कोणते? सुताराचा रंधा पडून तळाला तडा गेला, त्याने पाते आणि मुठी नव्या तळावर चढवल्या, आणि तडकलेला तळ दुसऱ्याने सांधून आपल्या पात्यासह वापरला, की परंपरेला दोन फांद्या फुटतात. न्यायमताला इथे एकच उत्तर शोधावे लागते: दोन्ही नवे. संतानवाद्याला दोन्ही जुन्याचेच पुढचे म्हणता येतात, फक्त ‘तोच एक’ हा शब्दप्रयोग सोडावा लागतो. अशा रंध्याच्या चिठ्ठीवर एक साल लिहिण्याऐवजी कोणता भाग कुठून आला ते लिहिणे, एवढेच वर्णन खरे ठरते.